पाठमोऱ्या कुंदाताई

मेट्रोत कुंदाताईंच्या शेजारी बसणं सोपं नव्हतं. बायकांच्या डब्यात त्या कोपऱ्यातली जागा धरायच्या. पर्स मांडीवर घट्ट, नजर समोरच्या दरवाजावर, ओठ मिटलेले. मग त्यांच्या गळ्याची शीर हलायला लागायची, मान एका बाजूला कलायची आणि भुवया वर जायच्या. बाई मनातल्या मनात ताना घेत असायच्या. एकदा समोरच्या कॉलेजच्या मुलीनं घाबरून आपल्या बॅगेतली प्लास्टिकची पिशवी पुढे केली. "आंटी, उल्टी आ रही है क्या?" कुंदाताईंनी पिशवी घेतली, चारदा घडी घालून पर्समध्ये ठेवली, "थँक्यू बेटा" म्हणाल्या आणि तुटलेली तान तिथूनच पुढे घेतली.

हे मला मीनलनं, म्हणजे माझ्या बायकोनं सांगितलं. ती त्यांच्या पलीकडे बसून ओढणीत तोंड खुपसून हसत होती. आम्हाला दिल्लीत येऊन तेव्हा सहाच महिने झाले होते आणि इथल्या मराठी नाट्यमंडळात शिरायचं की नाही यावर घरात वाद चालू होता. मीनल म्हणाली, "ही बाई जिथं आहे तिथं मी जाणार." वाद तिथंच मिटला.

मी मानेसरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाड्यांच्या सुट्या भागांतली खोट दिवसभर शोधत बसायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. स्वभावही तसाच झालाय. मीनल म्हणते, मी पोळीसुद्धा उजेडात धरून बघतो. अशा माणसाला मंडळानं अभिनय दिला नाही, प्रॉम्प्टिंग दिलं. विंगेत स्टुलावर बसायचं, हातात संहिता धरायची आणि कुणाचं काय चुकतंय ते बघायचं. मला यापेक्षा चांगली जागा जगात मिळाली नसती.

कुंदाताई एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. तीस-बत्तीस वर्षं फायलींत काढल्यामुळे त्यांची भाषा टिपणीची झाली होती. तबलजीची लय पडली की "लयीचा विषय प्रलंबित दिसतो." नवीन मुलगी मन लावून गायली की "अवलोकन केले." बिचारी मुलगी आपल्याला शाबासकी मिळाली की शिवी, या विचारात घरी जायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. पहाडगंजातल्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये आमची रविवारी तालीम असायची, तिथं एका नव्या बाईंनी चहा पिता पिता तो विषय काढला. कुंदाताई कपबशी खाली ठेवत म्हणाल्या, "विचाराधीन आहे." तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या.

मंडळाचं एकच नाटक असं होतं, की ज्याला दिल्लीतला मराठी माणूस नॉयडा, फरीदाबादपासून यायचा. 'संगीत दीपकळी'. मंडळाच्याच एका जुन्या सभासदानं लिहिलेलं, दिल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसलेलं. शेवटच्या अंकात दीपकळी भर दरबारात आपली बाजू गाऊन मांडते. 'ओली वात, कशी मी पेटू' हे ते पद. सात मिनिटांचं. त्याचा आलाप दीपकळी आतून, डाव्या विंगेतून सुरू करते आणि गातगातच बाहेर येते. आलाप सुरू झाला की सगळ्या प्रेक्षागृहाच्या माना डावीकडे वळायच्या. दिसायचं तर काहीच नाही, नुसता काळा पडदा, पण लोक त्या पडद्याकडे डोळे लावून बसायचे. बारा वर्षं मी हे विंगेतून पाहत आलो.

ते पद कुंदाताईंना आधीच्या दीपकळीनं समोर बसवून शिकवलं होतं. कुठं लिहिलेलं नव्हतं. मोबाइलवर घेतलेली रेकॉर्डिंग होती, पण त्यात कुणाचं तरी मूल रडत होतं आणि मंडळातले जोशीकाका खोकत होते. मंडळातल्या मुलींना ते शिकवायचा प्रयत्न कुंदाताईंनी फार केला. या मुली इथं जन्मलेल्या. त्यांना आधी वात म्हणजे काय ते सांगावं लागायचं. "बाती, बेटा, बाती," असं म्हणून कुंदाताई माझ्याकडे बघायच्या, आणि त्या नजरेत जी काळजी असायची तिची चेष्टा करायचं धाडस मला कधी झालं नाही.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण एका शब्दावरून झालं. प्रयोगात त्या एका वाक्याच्या मध्येच थांबल्या. एक सेकंद, दोन सेकंद. मी घाईघाईनं पुढचा शब्द पुरवला. प्रयोग संपल्यावर मेकअप न पुसताच त्या विंगेत आल्या. "देसाई, मी विसरले नव्हते. थांबले होते. दोन्हीतला फरक कळत नसेल तर तुम्ही खाली जाऊन बसा, प्रेक्षकांत." पुढच्या प्रयोगात त्या पुन्हा थांबल्या. मी शहाणा होऊन संहिता छातीशी धरून बसलो. तीन सेकंद गेले, पाच गेले. त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी जन्मात विसरणार नाही. मी शब्द दिला, त्यांनी तो घेतला, आणि लोकांनी त्या विरामालाच टाळी दिली. आत आल्यावर म्हणाल्या, "आता विसरले होते." आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या, की पडदा ओढणारा दचकला.

तर अशा या बाईच्या आयुष्यात सिनेमा आला.

निखिल हा मंडळाचाच मुलगा. लहानपणी आमच्या बालनाट्यांत ससा व्हायचा. मोठा होऊन मुंबईला गेला, दोन-तीन सिनेमे केले, नाव झालं. एका रविवारी तो तालमीला आला, 'ओली वात' ऐकलं आणि कुंदाताईंच्या पायाशीच बसला. "मावशी, मी 'दीपकळी'वर पिक्चर करतोय. हिंदीत. पण हे पद मराठीतच ठेवणार, बिल्कुल असंच. तुमच्याशिवाय दीपकळी कोण करणार यार!"

हे वाक्य आपण सगळेच कुणाला ना कुणाला म्हणतो. लग्नात आचाऱ्याला म्हणतो, निरोप समारंभात साहेबाला म्हणतो. पण कुंदाताई सरकारी माणूस. त्यांच्या लेखी वरिष्ठानं तोंडी होकार दिला, की पुढची पायरी लेखी अर्जाची. सरकारी नोकराला सिनेमात काम करायचं तर खात्याची परवानगी लागते. त्यांनी सोमवारी सकाळी अर्ज केला. 'अर्जदार सदर चित्रपटात नायिकेची भूमिका करणार असून...' फाईल त्यांच्याच सेक्शनमधून निघाली आणि टेबलामागून टेबल वर चढत गेली. प्रत्येक टेबलावर ती वाचली गेली. शिपायापासून सहसचिवांपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं. लोक अभिनंदनाला यायला लागले, कुंदाताईंनी काजू कतली वाटली. मी मीनलला म्हणालो, "अजून निखिलचा फोनसुद्धा नाही आला परत." मीनल म्हणाली, "तुम्ही पोळ्या बघा."

तीन आठवड्यांनी कंपनीच्या बसमध्ये मानेसरला जाताना मी मोबाइलवर बातमी वाचली. दीपकळीच्या भूमिकेत नायरा. हिंदीतली आत्ताची मोठी तारका. नऊवारी नेसलेला फोटोसुद्धा होता. तो मी मोठा करून पाहिला. काष्टा चुकला होता. मला इतका राग आला, की शेजारच्या माणसानं "क्या हुआ भाई, घर पे सब ठीक?" असं विचारलं.

त्या रविवारी हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कुंदाताई वेळेवर आल्या. थर्मास टेबलावर ठेवला. "तिसरा अंक घ्या," म्हणाल्या आणि आमच्याकडून तो सलग दोनदा करून घेतला. पदाला मात्र त्या थांबल्या नाहीत, "पद झालं असं समजा" म्हणून पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. त्या मला फोन कधी करत नसत. "देसाई, परवानगी आली. साहेबांनी स्वतः आणून दिली हातात. म्हणाले, हमारे डिपार्टमेंट की हीरोइन." मग म्हणाल्या, "मी काय सांगू त्यांना?" माझा जन्म लोकांना शब्द पुरवण्यात गेला आणि त्या वेळी माझ्याकडे एकही नव्हता.

निखिल आला तो दहा दिवसांनी, त्यांच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. कुंदाताईंनी मला बोलावून घेतलं होतं. का, ते सांगितलं नाही. मी खिडकीजवळच्या वेताच्या मोड्यावर बसलो.

"मावशी, तुम्ही रागावला आहात ना?"

"चहा घे."

"मावशी, दीपकळी बावीस वर्षांची आहे. स्टेजवर चालतं यार, लांबून. कॅमेरा एकदम चेहऱ्यावर येतो."

"वीस वर्षं चालली मी बावीस वर्षांची."

"आणि नायरा नसेल ना, तर पिक्चरच नाही. पैसा तिच्या नावावर आलाय. स्टेजच्या आर्टिस्टला घेऊन कोण थिएटरमध्ये येणार, सांगा ना."

"आम्ही येतो," मी म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

कुंदाताईंनी चमचा बशीत नीट ठेवला. "चेहरा माझा नाही चालणार, हे आरशालाही ठाऊक आहे निखिल. तू ते तेव्हाच म्हणाला असतास तर मी काजू कतली वाटली नसती. ते जाऊ दे. गाणार कोण?"

निखिल खाली बघायला लागला. मुंबईची एक गायिका ठरत होती. संगीतकाराला पद दीड मिनिटाचं करून हवं होतं, खाली ड्रम वगैरे घालून.

"पद सात मिनिटांचं आहे," कुंदाताई म्हणाल्या. "ते सातच मिनिटं राहील. एकसलग. मध्ये कापायचं नाही, खाली काही वाजवायचं नाही, ऑर्गन आणि तबला सोडून. मी गाते. ती उभी राहू दे."

मला राहवलं नाही. "ताई, नाही म्हणा! चेहरा नको आणि गळा पाहिजे, हा कुठला न्याय?"

"देसाई, बसा खाली." मी उभा राहिलो होतो, हे मला तेव्हा कळलं. "माझ्यानंतर हे पद कोण गाणार आहे? सांगा. एक नाव सांगा." त्या निखिलकडे वळल्या. "लिहून दे. सात मिनिटं."

त्यानं लिहून दिलं. खाली त्यांनी तारीख घालून घेतली.

नायरा महिनाभर त्यांच्याकडे यायची. जिन्याखाली मोठी गाडी, दोन धिप्पाड माणसं आणि क्वार्टरमधली सगळी पोरं. कुंदाताईंनी तिला गाणं शिकवलं नाही. "मुँह मत हिलाओ," त्या म्हणायच्या. "साँस लो. लोग साँस देखते हैं." मुलगी वाईट नव्हती. खोट काढायची माझी सवय असूनही सांगतो, ती मेहनत घ्यायची. एक दिवस तिनं अचानक विचारलं, "आंटी, आप नाराज़ हैं मुझसे?"

"हूँ," कुंदाताई म्हणाल्या. "बहुत. अब साँस लो."

पद ध्वनिमुद्रित झालं ते नोव्हेंबरात. म्हणजे दिल्लीत धुरक्यामुळे खिडकी उघडली तरी घसा बसतो ते दिवस. चार दिवस कुंदाताई कुणाशी बोलल्या नाहीत, ऑफिसात चिठ्ठ्यांवर कामं केली, तोंडावर मास्क, त्यावर शाल. पाचव्या दिवशी त्या काचेच्या खोलीत उभ्या राहिल्या आणि एका दमात गायल्या. मी बाहेर होतो. इतकं चांगलं त्या रंगमंचावरही कधी गायल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मान्य." त्यांनी माझ्या खांद्यावर चापट मारली.

चित्रीकरण नॉयडाच्या एका स्टुडिओत होतं. आत जुन्या नाट्यगृहाचा देखावा उभा केला होता. नायरा रंगमंचावर, आणि समोर प्रेक्षक म्हणून आम्हीच, मंडळाची साठ माणसं. मराठी चेहरे हवेत म्हणून निखिलची हौस. पहाडगंजातून सकाळी सहाला बस निघाली. फेटे, उपरणी, नऊवाऱ्या. जोशीकाकांना मिशा लावल्या होत्या, ते दर दहा मिनिटांनी शिंकत होते. कॅमेरा आमच्या चेहऱ्यांवरून फिरत फिरत नायरापर्यंत जाणार, सात मिनिटं, न थांबता. संध्याकाळी सहापर्यंत स्टुडिओ मिळालेला. नायराचं साडेआठचं विमान.

ध्वनिमुद्रण लावलं. आलाप सुरू झाला. आणि साठच्या साठ माना डावीकडे वळल्या.

"कट! कट! अरे हीरोइन सामने है, सामने देखिए ना आप लोग!"

डावीकडे आवाजाच्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून कुंदाताई बसल्या होत्या. मास्क, शाल, मांडीवर पर्स. आम्ही ओशाळलो. पुन्हा लावलं. या वेळी सगळे डोळे ताणून नायराकडे बघत राहिले. आलाप गेला, पहिली ओळ गेली. तिसऱ्या ओळीवर जी हरकत आहे, तिथं पहिली मान वळली. मग दुसरी. मग पिकलेल्या जांभळांसारख्या सगळ्या टपाटप. मीही वळलो. मला कळायच्या आत वळलो.

"जोशीकाका, तुम्ही तरी!" निखिल ओरडला.

"अरे मी नाही वळवत, ती वळते!" जोशीकाका रडकुंडीला आले होते. "वीस वर्षं ऐकतोय रे त्यांना. आवाज तिकडचा आणि बघायचं इकडे, कसं जमणार?"

सहा वेळा झालं. जेवणं झाली, आणखी चार वेळा झालं. कुणी हट्टानं करत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. तिथं वरती ती मुलगी घामेजून उभी, दर वेळी तेच हावभाव, आणि समोरची साठ माणसं दर वेळी तिच्याकडे पाठ फिरवतात. तीन वाजता निखिल कुंदाताईंजवळ गेला. वाकून, हात जोडून काही बोलला. त्यांनी मान हलवली, पर्स उचलली आणि डाव्या दारानं बाहेर गेल्या. त्यांना त्यांच्या पदावरून उठवून बाहेर पाठवलं होतं.

पुढच्या वेळी साठ माना त्या बंद दाराकडे वळल्या. दोन-तीन बायका रडायलाच लागल्या.

नायरा रंगमंचावर खाली बसली. "ये लोग मुझे देखना ही नहीं चाहते," ती म्हणाली. काळं जॅकेट घातलेला निर्मात्यांचा माणूस पुढे आला. चार वाजून गेले होते. "छोड़ो यार निखिल. कल किराये की भीड़ बुला लो. गाना चालीस सेकंड का कर दो, क्लोज़अप में निकल जाएगा." निखिल घड्याळाकडे बघायला लागला. त्यावरून मला कळलं, त्यानं लिहून दिलेल्या कागदाची किंमत आता संपली होती.

मी बाहेर पळालो. कुंदाताई रिकाम्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसल्या होत्या. खरं सांगायचं तर मला मनातून आनंद झाला होता. इतके दिवस जो राग गिळून बसलो होतो, त्याचं उट्टं निघत होतं. मी म्हणालो, "ताई, तुम्ही गेल्यावर दाराकडे बघतात सगळे. होऊ दे यांची फजिती. तुम्ही येऊ नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि पद?"

"कापतायत. चाळीस सेकंद."

पाच सेकंद, सहा सेकंद. त्या विसरल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. मला एव्हाना फरक कळत होता. मग त्या उठल्या.

आत येऊन त्या थेट निखिलकडे गेल्या. "मला तिच्या पायाशी बसव. रंगमंचाच्या खाली, ऑर्गनच्या शेजारी. तोंड तिच्याकडे, पाठ लोकांकडे. माझ्याकडे बघतील तरी समोर बघतील. पाठ आली कॅमेऱ्यात तर येऊ दे, वाजवणाऱ्यांतली एक बाई बसलीय."

प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा मंडळातला सगळ्यांत कडक नियम, आणि तो त्यांचाच. एकदा एक मुलगी भूमिकेच्या भरात पाठमोरी झाली तर त्यांनी तिला महिनाभर कोरसमध्ये उभं केलं होतं. आता त्या स्वतः बुटक्या स्टुलावर बसल्या, मास्क काढला, शाल काढली, एकदा आमच्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्याकडे बघायचं असेल तर बघा. फक्त मान हलवू नका," आणि पाठ फिरवली.

आलाप सुरू झाला. एकही मान हलली नाही. मी पहिल्या रांगेच्या टोकाला होतो, मला त्यांचा चेहरा अर्धा दिसत होता. ओठ मिटलेले, गळ्याची शीर हलत होती. नायराला आम्ही दिसतच नव्हतो, ती फक्त त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी श्वास घेतला की ती घेत होती, त्यांनी मान उचलली की ती उचलत होती. सात मिनिटं मी माझ्या मुठी आवळून बसलो. कुणी खोकेल, जोशीकाका शिंकतील, कुठे काही पडेल. शेवटची ओळ गेली, तबला थांबला. निखिल इतक्या हळू "ओके" म्हणाला, की ते आधी कुणाला कळलंच नाही.

लोक उठले, टाळ्या झाल्या. कुंदाताई वळल्या नाहीत. मी जवळ गेलो. मला वाटलं, रडत असतील.

"पायाला मुंग्या आल्यात देसाई. हात द्या," त्या म्हणाल्या. माझा हात धरून त्या उठल्या. "पाठ दाखवली मी लोकांना."

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि साताऱ्याला भावाकडे जायचं ठरलं. जायच्या आठवड्यातच सिनेमा लागला. मी, मीनल आणि कुंदाताई, आम्ही तिघं गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये दुपारच्या खेळाला गेलो. पद आलं. साठ माणसांचे चेहरे पडदाभर, डोळ्यांत पाणी, आणि मग कॅमेरा नायराकडे गेला. तिच्या पायाशी ऑर्गन होता, तबलजी होता. कुंदाताई नव्हत्या. तिथं गालिचा होता. त्यांची पाठ कॉम्प्युटरवर पुसून टाकली होती.

मला ते आधी पटेना. कॅमेरा फिरून पुन्हा आमच्या चेहऱ्यांवर आला, तेव्हा मी नीट पाहिलं. सगळ्यांचे डोळे नायराच्या चेहऱ्याच्या दीड हात खाली लागले होते. साठ माणसं रिकाम्या गालिच्याकडे बघून रडत होती. हॉलमध्ये कुणालाही ते कळलं नाही. कळणार तरी कसं? मी मीनलचा हात धरला. कुंदाताईंकडे बघायची माझी छाती झाली नाही.

बाहेर आल्यावर त्याच बोलल्या. "मी घड्याळ लावलं होतं. सात मिनिटं दहा सेकंद. एक ओळ नाही कापली त्यानं."

"ताई, त्यांनी तुम्हाला..."

"पाहिलं ना मी. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, देसाई. निदान पाठ तरी ठेवायची." डोळे पुसले, चष्मा लावला. "पण पद पूर्ण आहे."

मीनल पाणी आणायला गेली. मी कॅब मागवली आणि दाराशी उभा राहिलो. तिथं नायराचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा फोटो उभा केला होता, आणि दोन मुली त्याच्याशेजारी फोटो काढून घेत होत्या. एकीनं कुंदाताईंच्या हातात मोबाइल दिला. "आंटी, प्लीज़, हमारी एक फोटो?" कुंदाताईंनी काढला. "गर्दन ऊपर. हाँ," असं म्हणून दुसराही काढला. मोबाइल परत घेताना ती मुलगी सहज गुणगुणली. 'ओली वात, कशी मी पेटू.' शब्द वेडेवाकडे, पण चाल ओळखू येत होती.

कुंदाताईंनी मोबाइल सोडलाच नाही. "फिर से गाओ."

"जी?"

"जो अभी गाया. फिर से."

मुलगी लाजली, मग गायली. "नहीं," कुंदाताई म्हणाल्या. "नीचे से उठाओ. ऐसे." आणि मॉलच्या दाराशी, त्या पुठ्ठ्याच्या नायराकडे पाठ करून, त्यांनी ती ओळ हलक्या आवाजात गाऊन दाखवली. दोघी मुली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आंटी, आपको ये गाना आता है?"

"थोड़ा. अब तुम."

तिनं घेतलं. चुकलं. पुन्हा घेतलं. दुसरीनंही घेतलं. कुंदाताईंनी पर्स फोटोच्या पायाशी ठेवली आणि हातानं ताल धरला. तेवढ्यात कॅबवाल्याचा फोन आला, तो गेटवर येऊन उभा होता, मागून हॉर्न वाजत होते.

"भैया, आप रुकिए," मी म्हणालो. "सात मिनट का गाना है."